२२ तारखेलाच महिना संपतो, काय करू?

मागच्या अंकात घरखर्चावरचे प्रश्न पाठवा म्हटलं होतं. वाटलं दहा-बारा पत्रं येतील, पण इतकी आली की दोन संध्याकाळी चहा गार करून वाचत बसले. नावं मुद्दामच छापत नाहीये, गाव पुरे. आणि आधीच सांगते, मी काही सीए नाही, डोंबिवलीत तीस वर्षं घर चालवलंय, त्यातली पहिली बारा भाड्याच्या खोलीत. त्यामुळे जे सांगते ते वहीतलं आणि थोडंफार ठेच लागून आलेलं.

ताई नमस्कार. आम्ही बदलापूरला राहतो. मिस्टरांच्या हातात ३४ हजार येतात, मी घरीच असते, दोन मुलं आणि सासूबाई. भाडं ९,५००, मुलांची शाळा आणि रिक्षा ५,२००, किराणा ७,५००, दूध २,४००, भाजी ३ हजार, गॅस-लाईट-मोबाईल मिळून ३ हजार, सासूबाईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्या १,८००. २२ तारखेला हात रिकामा, मग वाण्याकडे वहीवर. मी भाजीवाल्याशी दोन-पाच रुपयांसाठी घासाघीस करते, मुलांना आईस्क्रीमला नाही म्हणते, तरी पुरत नाही. मिस्टर म्हणतात तुला जमत नाही. माझं कुठे चुकतंय? – एक गृहिणी, बदलापूर

अगं, आधी तू लिहिलेलं सगळं एका खाली एक मांडून बेरीज कर. मी केली. ३२,४०० होतात. उरले १,६००, आणि त्यात मिस्टरांचा लोकलचा पास, त्यांचा बाहेरचा चहा-वडापाव, मुलांच्या वह्या, कुणाचा ताप, कुणाचं बारसं, चपलेचा तुटलेला अंगठा, सगळं बसवायचं. ते कुणालाच जमणार नाही, तुझ्या सासूबाईंना नाही, मला नाही आणि मिस्टरांना तर नाहीच. तेव्हा तुझं काही चुकत नाहीये, ही बेरीज कागदावर लिहून आज रात्री जेवण झाल्यावर त्यांच्यासमोर ठेव, भांडायचं नाही, नुसती ठेवायची. आमच्याकडे अशी एक चिठ्ठी फ्रिजवर बरेच महिने होती आणि तिच्यामुळे निम्मे वाद आपोआप मिटले.

आता काय कमी होऊ शकतं ते बघू. भाजीवाल्याला सोडून दे बिचाऱ्याला. रोज तीन रुपये तोडलेस तरी महिन्याला नव्वद होतात आणि डोकं फिरतं ते वेगळं.

मला सगळ्यात आधी दिसल्या त्या गोळ्या. १,८०० रुपये म्हणजे भाड्यानंतर, शाळेनंतर ज्यावर खरंच हात मारता येईल अशी ही रक्कम. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात बहुतेक वेळा निम्म्याहून कमी किमतीत मिळतात कारण तिथे कंपनीचं नाव विकत नाहीत, नुसतं औषध विकतात. फक्त एक करायचं, स्वतःच्या मनाने बदलायचं नाही. डॉक्टरांना सांगायचं की औषधाचं मूळ नाव आणि किती मिलीग्रॅम ते लिहून द्या, आम्ही जनऔषधीतून घेणार आहोत. कॉम्बिनेशनची गोळी असेल तर ती कधी कधी तिथे तश्शी मिळत नाही, मग दोन वेगळ्या चालतील का हेही त्यांनाच विचारायचं. लाजायचं नाही, डॉक्टरांना रोज कुणी ना कुणी हे विचारतं.

दुसरं, पास. मिस्टर दर महिन्याला मासिक पास काढत असतील तर तीन महिन्यांचा काढा, तो तिपटीला नाही तर २.७ पट किमतीला मिळतो. वर्षाचा १०.८ पट. म्हणजे वर्षाचा पास काढला की सव्वा महिन्याचा प्रवास जवळजवळ फुकट. एकदम एवढे पैसे कुठून आणायचे हा प्रश्न आहेच, म्हणून बोनस आला की पहिला पास, मग बाकीचं.

दूध. २,४०० चं दूध म्हणजे पिशवी फुल क्रीम असणार, माझा अंदाज. फुल क्रीममध्ये ६ टक्के फॅट असतं आणि टोन्ड दुधात ३ टक्के, बाकी दुधातलं जे काही चांगलं ते दोन्हीत जवळपास तेवढंच. चहाला आणि दह्याला टोन्ड आणायचं, मुलांच्या पेल्यासाठी पाहिजे तर अर्धा लिटर जाड दूध ठेवायचं. साय कमी येईल, तूप घरी निघणार नाही, सासूबाई आठ दिवस कुरकुरतील. (आमच्या सासूबाई पंधरा दिवस कुरकुरल्या होत्या, मग विसरल्या.)

आणि किराणा. यावर जरा जास्त बोलते कारण इथे डोळ्यांवरून पदर टाकून फसवतात. तेलाची पिशवी हातात घेतलीस की आधी वजन वाच. १ लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं, पण शेल्फवर त्याच आकाराच्या, तशाच रंगाच्या ८५० ग्रॅमच्या, ८०० ग्रॅमच्या, अगदी ७५० ग्रॅमच्या पिशव्याही असतात आणि आपण किंमत बघून स्वस्त म्हणून उचलतो. तेच डब्याचं, १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा बघायला सारखाच दिसतो पण १५ लिटर म्हणजे साडेतेरा किलोच्या जरा वर, सव्वा किलोहून जास्त तेलाचा फरक. बिस्किट, साबण, चहा पावडर, सगळीकडे हेच चाललंय, किंमत तीच ठेवतात आणि पुडा रोडावतो. आता पाकिटावर एमआरपीच्या जवळ बारीक अक्षरात एका ग्रॅमला किंवा एका मिलीला किती पैसे पडतात तेही छापतात, तो आकडा बघ, बाकी पुढची चित्रं बघूच नको. मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतं असंही नाही हं, शाम्पूच्या एक-दोन रुपयाच्या पुड्या बऱ्याचदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतात, मी मोजून बघितलंय.

डाळीचं म्हणशील तर तूरडाळ महाग असली की आमच्याकडे आठवड्यातले दोन दिवस मसूर, एक दिवस मूग आणि एक दिवस कुळथाचं पिठलं असतं. पिठलं म्हणजे गरिबी असं मुलांना वाटायला नको म्हणून वर फोडणी सढळ हाताने घाल, लसूण चुरचुरला पाहिजे, मग मागून खातात.

वहीवरचं मात्र बंद करता आलं तर बघ. वाणी वाईट नसतो, अडीअडचणीला तोच उभा राहतो, पण वहीवर घेताना आपण भाव विचारत नाही आणि पाकीट बदलून मागत नाही. एकदम नाही होणार. गोळ्या आणि दुधातून जे वाचेल ते दोन-तीन महिने फक्त वही फेडायला लाव, दुसऱ्या कशाला हात लावू नको. आणि आईस्क्रीम महिन्यातून एकदा दे गं मुलांना.

मॅडम, मी पुण्यात नऱ्ह्याला वन आरके मध्ये राहतो, जॉब करतो. घरमालकाने चार खोल्या काढल्यात आणि सबमीटर लावलेत, युनिटला १५ रुपये घेतो. माझे ११० युनिट पडतात म्हणजे १,६५० रुपये. मित्राकडे स्वतःचं मीटर आहे त्याचं बिल एवढ्याच युनिटला खूप कमी येतं. हे बरोबर आहे का? – एक भाडेकरू, पुणे

मालक लबाड असेलच असं नाही पण हिशोब तुझ्या विरोधात आहे एवढं नक्की. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांत असतात, पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग (पहिल्याच्या दुपटीच्या आसपास), ३०१ च्या पुढे आणखी महाग. बऱ्याच लोकांना वाटतं १०१ वं युनिट झालं की सगळंच बिल महाग दराने लागतं, तसं नाही, पहिले १०० कायम स्वस्तच राहतात, वरच्या युनिटांनाच वरचा दर. आता तुझं स्वतःचं मीटर असतं तर ११० पैकी १०० स्वस्तात गेले असते आणि फक्त १० महाग. पण चार खोल्या एका मीटरवर म्हणजे प्रत्येकी ११० धरले तरी ४४० युनिट, आणि स्वस्त १०० युनिटांत चौघे वाटेकरी. त्यामुळे मालकाला सरासरी दर जास्तच पडतो. तो १५ पडतो का, हा प्रश्न. ते शोधायला सोपं आहे, त्याला म्हण की काका, मेन मीटरच्या बिलाचा फोटो ग्रुपवर टाका. एकूण रकमेला एकूण युनिटांनी भागायचं, जो दर निघेल तो चौघांनी द्यायचा. चौघांनी मिळून विचारा, एकट्याने विचारलंस तर खोली खाली करायला सांगेल. स्वतंत्र मीटरसाठीही अर्ज करता येतो पण तिथे बहुधा मालकाची संमती मागतात आणि ती मिळेल असं मला तरी वाटत नाही.

तोपर्यंत युनिट कमी कर. साधा जुना पंखा ७५ वॉट खातो, दिवसाला १६ तास चालला तर महिन्याला ३६ युनिट होतात. बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० वॉटच्या आसपास, तेवढ्याच तासांना साडेचौदा. म्हणजे २१ युनिट वाचले, तुझ्या १५ रुपयांनी महिन्याला सव्वातीनशे. पंखा अडीच-तीन हजाराला येतो, आठ-नऊ महिन्यांत वसूल, आणि खोली सोडताना काढून घेऊन जायचा, जुना परत लावून. पंख्याचा तो मोठा ठोकळ्यासारखा जुना रेग्युलेटर असेल तर स्पीड कमी केल्याने फार वीज वाचते हा गैरसमज आहे, बरीचशी तिथेच गरम होऊन जाते. आणि पाणी तापवायचा रॉड, १,५०० वॉटचा रॉड ४० मिनिटं ठेवला की एक युनिट संपलं. बादलीत टाकून फोनवर बोलत बसायचं नाही.

मी २९ वर्षांचा, नागपूर. लग्न ठरायच्या बेतात आहे. क्रेडिट कार्डवर ४२ हजार थकलेत, कुणाला घरी माहीत नाही. दर महिन्याला मिनिमम २,१०० भरतो तरी रक्कम हलतच नाही. ओढाताण करून महिन्याला ४ हजारपर्यंत भरू शकतो. काय करू? – नाव नको

हलणार कशी, सांगते. तू स्टेटमेंटचा फोटो पाठवलायस त्यावर महिन्याला ३.५ टक्के व्याज लिहिलंय. ४२ हजारावर १,४७० झाले, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी २६५. एकूण १,७३५. तू भरतोस २,१००. म्हणजे मुद्दलातून गेले फक्त ३६५ रुपये, आणि मधे एखादा रिचार्ज, एखादं पेट्रोल कार्डवरच केलंस की तेही गेले. शिवाय बाकी थकलेली असली की नव्या खरेदीला ते पन्नास दिवस बिनव्याजी वगैरे काही मिळत नाही, पहिल्या दिवसापासून मीटर पडतं.

कार्ड आजपासून घरात ठेव, पाकिटात नको, फोनमधल्या ॲप्समधूनही काढून टाक. बँकेला फोन करून ही सगळी बाकी हप्त्यांत बदलून घे. समजा १६ टक्के वार्षिक दराने बारा महिन्यांसाठी करून दिली तर हप्ता ३,८०० च्या आसपास बसतो, तो तुझ्या चार हजारात आहे, आणि वर्षात विषय संपतो. प्रोसेसिंग फी किती ते आधी विचार. ऑफिसची पतपेढी असेल तर तिथलं कर्ज आणखी स्वस्त पडेल. झटपट कर्जाच्या ॲपवरून घेऊन कार्ड फेडायचा विचार पत्रात शेवटी लिहिलायस, तो मात्र साफ सोड. कॉन्टॅक्ट लिस्ट बघायची परवानगी मागणारं ॲप तुझ्या होणाऱ्या सासऱ्यालाही फोन करेल.

आणि मुलीला सांग. लग्नाआधी. ४२ हजार ही काही तोंड लपवायची रक्कम नाही, पण लग्नानंतर कपाटात स्टेटमेंट सापडलं तर ती होईल.

ताई, आमचं केशरी कार्ड आहे. शेजारणीचं पण केशरीच. तिला दर महिन्याला फुकट गहू-तांदूळ मिळतो, आम्हाला दुकानदार म्हणतो तुमचं धान्य नाही. तो खातोय का आमचं? – इचलकरंजी

दुकानदारावर लगेच आळ नको घेऊ. कार्डाचा रंग आणि धान्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आला तेव्हा केशरी कार्डवाल्यांपैकी काही कुटुंबं प्राधान्य यादीत गेली आणि काही राहिली. यादीत आहेत त्यांना माणशी महिन्याला ५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. यादीत जायला शहरात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५९ हजारांच्या आत लागतं, खेड्यात ४४ हजारांच्या आत. वार्षिक बरं का, महिन्याला पाच हजारसुद्धा नाही. लूमवर काम करणाऱ्या माणसाचं घर यात कसं बसायचं हे सरकारलाच माहीत. तरी तुझं उत्पन्न खरंच एवढं कमी असेल तर तहसीलच्या पुरवठा विभागात उत्पन्नाचा दाखला जोडून अर्ज कर. इष्टांक, म्हणजे यादीचा ठरलेला कोटा, भरलाय असं सांगतील, तरी अर्जाची पोच घेऊन ठेव, कुणाचं नाव कमी झालं की जागा होते. आणि शेजारणीला सांग सगळ्यांची ई-केवायसी झालीय का बघ, अंगठा राहिला तर धान्य अडकतं.

पण कार्ड फेकून देऊ नकोस. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात आणि आता त्याला केशरी काय, पांढरं कार्डही चालतं. दवाखान्यात भरती करायच्या आधी विचारायचं की तुमच्याकडे ही योजना आहे का, आणि असेल तर आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, कुठे बसतो. भरती झाल्यावर, डिपॉझिट भरल्यावर विचारलं की सगळी गडबड होते.

मे महिन्यात गावाकडे चार लग्नं आहेत, साताऱ्याला. आहेर, प्रवास, साड्या. नाही गेलं तर लोक बोलतात, गेलं तर जूनला शाळेची फी राहते. – कळंबोली

प्रवासाचं सोपं आहे, एसटीने जा. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तर फुकट, आधार कार्ड बरोबर ठेवा. गाडी करून सगळे मिळून जाऊ म्हणणाऱ्या दिरांना हसून नाही म्हणा.

आहेराचं कठीण. माझं मत विचाराल तर चारही लग्नांना सारखं पाकीट, जवळचा-लांबचा असा भेद केला की तुम्हीच अडकता. साड्या अजिबात घेऊ नका देऊ नका, त्या फिरून फिरून शेवटी तुमच्याच कपाटात येतात, आमच्याकडे एक हिरवी साडी तीन लग्नं फिरून परत आली होती, घडीसुद्धा माझीच. आणि एका लग्नाला नुसता फोन केला तरी आभाळ कोसळत नाही.

खरी अडचण दर वर्षीची आहे. मे, जून, गणपती, दिवाळी हे अचानक येत नाहीत तरी दर वेळी आपण दचकतो. गेल्या वर्षी या चार वेळी मिळून किती गेले ते आठवून लिहा आणि बाराने भागा. समजा १८ हजार, तर महिन्याला १,५००. पोस्टात आरडी काढायची म्हटलं तर शंभर रुपयांपासून निघते पण ती पाच वर्षांची, या कामाला ती नको. बचत गट असेल तर तिथे, नाहीतर ज्याचं एटीएम कार्ड घेतलंच नाही असं एक वेगळं बचत खातं. भिशी ओळखीच्याच बायकांची असेल तर ठीक, आणि नंबर मेमध्ये लागेल असा मागून घ्या.

मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत कांदा स्वस्त झाला की पोतं भरून ठेवा. मॅडम, कधीही घेतलेला कांदा टिकत नाही. – एक शेतकरी, निफाड

चुकले. दादांनी पत्रात नीट समजावलंय ते तसंच देते. खरीपाचा लाल कांदा दिवाळीच्या आगेमागे येतो, त्यात पाणी जास्त, महिनाभरात कोंब फुटतात नाहीतर सडतो, तो लागेल तेवढाच घ्यायचा. साठवायचा तो उन्हाळ कांदा, एप्रिल-मेमध्ये निघतो, मान बारीक आणि वाळलेली, वरचं साल घट्ट. तो जाळीच्या पिशवीत, हवेशीर जागी, बटाट्यापासून लांब ठेवला तर पावसाळा काढतो. प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नाही. मधून मधून हात घालून खराब झालेला काढायचा, एक सडला की शेजारचा जातो.

मी गेल्या नोव्हेंबरमध्ये स्वस्त म्हणून वीस किलो लाल घेतला होता आणि त्यातला निम्मा टाकला, ते मागच्या अंकात लिहायचं सोयीस्करपणे राहून गेलं.